जुन्या जिप्सीला नवा फ्युएल पंप घेताना: प्रेशर, नळ्या आणि इथेनॉल

मारुतीनं 2019 मध्ये जिप्सीचं बुकिंग बंद केलं, पण गाडी अजून रस्त्यावर आहे. ताडोबात आणि पेंचमध्ये सफारीला उघड्या जिप्सी धावतात. घाटवाटा फिरणाऱ्यांनी आणि हौशी मालकांनी जीव लावून सांभाळलेल्या गाड्या गावोगावी दिसतात. त्यांच्याबद्दल एक तक्रार सारखी कानावर येते: चढावर ओढत नाही, पुकपुक करते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा नीट चालते. त्यावर मिस्त्रीचं उत्तरही ठरलेलं असतं, "पंप गेलाय, नवीन टाकू." मग दुकानात गेल्यावर समोर तीनचार प्रकारचे पंप येतात. एक स्वस्त, एक महाग, एक "यापेक्षा पॉवरफुल". कुठला घ्यायचा?

माझं म्हणणं थोडक्यात असं: पंप घेताना ताकद बघू नका, जुळणी बघा. इंजिनाला लागतं तेवढंच प्रेशर, गाडीला आहेत तेवढ्याच नळ्या आणि आजच्या पेट्रोलमध्ये टिकेल असं रबर. या तीन गोष्टी जुळल्या की साधा पंपही वर्षानुवर्षं चालतो. एक जरी चुकली तरी महागातला पंप त्रास देतो.

आधी आपली जिप्सी कुठली ते पक्कं करा. 1985 मध्ये आलेल्या एमजी410 ला 970 सीसीचं कार्ब्युरेटरचं (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचं) इंजिन होतं. 1996 ला जिप्सी किंग आली, 1298 सीसीची, सुरुवातीला तीही कार्ब्युरेटरवरच. 2000 मध्ये एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवालं सोळा वॉल्व्हचं इंजिन आलं. पंपाच्या हिशेबानं यांचे दोनच गट पडतात, कार्ब्युरेटरवाल्या आणि एमपीएफआय. दोन्हींचे पंप एकमेकांना अजिबात चालत नाहीत. जुन्या गाड्यांमध्ये इंजिन बदललेलं असण्याची शक्यताही बरीच असते. म्हणून आरसी बुकावरच्या वर्षावर विसंबू नका, बॉनेट उघडून बघा. एअर फिल्टरच्या डब्याखाली कार्ब्युरेटर आहे की इंजेक्टरची रेल, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी, ते लगेच दिसतं.

कार्ब्युरेटरच्या गाडीतला पंप इंजिनालाच बोल्टनं बसवलेला असतो. दुकानात याला एसी पंप म्हणतात आणि याच नावानं मागितला तर पटकन मिळतो. याला वीज लागत नाही. कॅमशाफ्ट फिरली की तिच्यावरचा उंचवटा पंपाचा दांडा ढकलतो, दांडा आतला रबरी पडदा खाली ओढतो आणि टाकीतलं पेट्रोल पंपात येतं. उंचवटा पुढे सरकला की पडद्याखालची स्प्रिंग पडदा परत वर ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. आतबाहेर जाण्यासाठी दोन छोटे एकमार्गी वॉल्व्ह असतात. एवढंच यंत्र. यातली खुबी अशी की प्रेशर इंजिनाच्या वेगावर ठरत नाही, त्या स्प्रिंगच्या जोरावर ठरतं. कार्ब्युरेटरची वाटी भरली, पेट्रोलची वाट अडवणारी तिथली नीडल बंद झाली की पडदा खालीच थांबतो आणि दांडा मोकळा हलत राहतो. मागणी नसेल तेव्हा पंप आपोआप गप्प बसतो.

हे प्रेशर असतं किती? कार्ब्युरेटरला साधारण 0.2 ते 0.35 बार पुरतं, म्हणजे 3 ते 5 पीएसआय. टायरमध्ये आपण तीसेक पीएसआय हवा भरतो, त्या मानानं हे काहीच नाही. एमपीएफआयला मात्र अडीच ते तीन बारच्या आसपास लागतं, कारण इंजेक्टरच्या बारीक भोकांतून पेट्रोल फवाऱ्यासारखं उडायला हवं. दोन्हींमध्ये जवळजवळ दहापट फरक आहे. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. तो काढून वहीत लिहून ठेवा, कारण पंप घेताना सगळं त्यावरच ठरतं.

आता पंप खरंच गेलाय का, हे बघू. मी यावर मुद्दाम जास्त वेळ घेतोय, कारण चांगले पंप काढून फेकले जातात आणि दोष तसाच राहतो.

पेट्रोल टाकीतून निघून पंपापर्यंत ओढलं जातं, या वाटेत कुठेही अडथळा आला तर लक्षण पंप गेल्यासारखंच दिसतं. सगळ्यात सोपी तपासणी टाकीच्या झाकणाची. गाडी पुकपुक करायला लागली की थांबून झाकण उघडा. सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बुजली आहे. त्यानंतर फिल्टर बघा. मग टाकीकडून येणारे रबरी पाईप. पंपाच्या अलीकडच्या पाईपला बारीक चीर असली तर तिथून पेट्रोल गळतच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली थेंब नाही, वास नाही आणि पंप मात्र हवाच ढकलतोय. पंधरावीस वर्षांचे पाईप हातात घेऊन वाकवून बघा. वाकवल्यावर भेगा दिसल्या तर ते पाईप आधी बदला, मग पंपाचा विचार करा.

एवढं झाल्यावर पंपाची परीक्षा. इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत, जवळ आग विझवायचं साधन ठेवून हे करा. स्पार्क पडू नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढा. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाईप काढून एका धातूच्या डब्यात सोडा आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पिचकारीसारखी ठसठशीत धार तुटक तुटक येत राहिली तर पंप जिवंत आहे. धारेत बुडबुडे दिसले तर मागे कुठेतरी हवा शिरतेय. नुसतं ओघळत असेल, तर मात्र पंपाकडे वळा. पाईपात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घालून प्रेशर गेज लावता आला तर उत्तमच.

आणखी एक खूण आहे आणि ती कधीच दुर्लक्षू नये. ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय, ऑइल पातळ वाटतंय, पातळी आपोआप वाढलीय? यांत्रिक पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. कार्ब्युरेटर वाहत असेल तरीही असंच होतं, म्हणून दोन्ही तपासायचे. पण तोवर गाडी चालवायची नाही. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांना वाचवू शकत नाही. अशा वेळी पंपाबरोबर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलायचाच, त्यात काटकसर नको.

पंप गेलाय हे ठरल्यावर पहिला मोह होतो इलेक्ट्रिक पंपाचा. "एसी पंपाची झंझट नको, इलेक्ट्रिक लावून टाकू" असं सांगणारे बरेच भेटतात. इलेक्ट्रिक लावता येतो, काही गाड्यांत तो उपयोगीही पडतो. पण बाजारात सहज मिळणारे अनेक इलेक्ट्रिक पंप इंजेक्शनच्या गाड्यांचे असतात. अडीच बारचा पंप कार्ब्युरेटरला जोडला की तिथली इवलीशी नीडल तो जोर अडवू शकत नाही. वाटी भरून वाहते, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज कोसळतं आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल सांडायला लागतं. गाड्यांना आगी लागण्याचं हे एक खरंखुरं कारण आहे. इलेक्ट्रिक लावायचाच असेल तर कार्ब्युरेटरसाठीचा कमी प्रेशरचा घ्या. तो टाकीजवळ आणि टाकीच्या पातळीला किंवा खाली बसवा, कारण हे पंप ढकलण्यात पटाईत असतात, ओढण्यात नाहीत.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम सुरक्षेचं. यांत्रिक पंप इंजिन बंद पडलं की थांबतो. इलेक्ट्रिक पंप चावी चालू आहे तोवर ढकलतच राहतो. जिप्सी उंच आणि अरुंद गाडी आहे, कच्च्या वाटेवर कलंडली आणि पाईप तुटला तर पंप तुटक्या पाईपातून पेट्रोल ओततच राहील. म्हणून रिलेबरोबर ऑइल प्रेशर स्विच किंवा धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच लावल्याशिवाय इलेक्ट्रिक पंप जोडू नये. मिस्त्री "काही लागत नाही" म्हणाला तरी आग्रह धरा. माझं स्वतःचं मत विचाराल तर, चांगला यांत्रिक पंप मिळत असेल तोवर कार्ब्युरेटरच्या जिप्सीला तोच बसवावा.

यांत्रिक पंप घेताना नळ्या मोजा. एक टाकीकडून येणारी, एक कार्ब्युरेटरकडे जाणारी आणि अनेक पंपांना तिसरी असते, ती जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत नेते. दुकानात दोन नळ्यांचा पंप स्वस्त मिळतो, बोल्टची भोकंही जुळतात आणि मग रिटर्नच्या पाईपला बूच मारून काम उरकलं जातं. हिवाळ्यात गाडी छान चालते. एप्रिल-मे आला, चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की खरा हिशेब कळतो. सफारीची गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत असते, प्राणी दिसला की उभी राहते, बॉनेटखाली वारा नाही. इंजिनाला चिकटलेल्या पंपात पेट्रोल तापून त्याची वाफ होते आणि पडदा वाफेवरच वरखाली होत राहतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. तिसरी नळी असली की पंपातून पेट्रोल सतत फिरतं राहतं, वाफ टाकीकडे निघून जाते आणि गार पेट्रोल येत राहतं. तीन नळ्यांच्या गाडीला तीन नळ्यांचाच पंप लागतो, यात तडजोड नाही.

पंप आणि इंजिन यांच्यामधला जाड काळा तुकडा जुन्या पंपाबरोबर फेकून दिला जातो, तो जपा. तो इंजिनाची उष्णता पंपापर्यंत पोचू देत नाही, शिवाय दांड्याची पोच किती हे त्याच्या जाडीवर ठरतं. तो विसरला तर दांडा जास्त दाबला जाऊन तुटू शकतो. जुनं गॅस्केट न खरवडता त्यावर नवं चढवलं तर पोच कमी होते आणि कोरा पंप अर्धवट काम करतो. नवा पंप जुन्याशेजारी ठेवून दांड्याची लांबी, त्याचा बाक आणि नळ्यांची दिशा नजरेनं ताडून पाहा. वेगळा पुश रॉड असेल तर त्याची टोकं झिजली आहेत का तेही बघा. हे काम पाच मिनिटांचं, पण काउंटरवरच करायचं. गाडीला बसवून झाल्यावर दुकानदार पंप परत घेत नाही.

एमपीएफआयच्या जिप्सीचा मामला वेगळा. तिथे पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडलेला असतो, मिस्त्री त्याला नुसतं मोटर म्हणतात. चावी फिरवली की दोनेक सेकंद मागून घूं असा आवाज यायला हवा. आवाजच नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि अर्थिंग तपासा. आवाज येतोय पण गाडी ओढत नसेल तर पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरलं तर दोष वायरिंगमध्ये आहे. जुन्या गंजक्या कनेक्टरमुळे पंपाला बाराऐवजी दहा व्होल्ट मिळत असतील तर नवा पंपही तितकाच मरगळलेला चालेल.

इथेही "पॉवरफुल" पंपाचा मोह होतो. जरा गणित करू. एमपीएफआय इंजिन साधारण 80 बीएचपीचं, म्हणजे 60 किलोवॉटच्या आत. पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात एका किलोवॉट-तासाला अंदाजे 300 ग्रॅम पेट्रोल लागतं. म्हणजे तासाला 18 किलो, लिटरमध्ये 24 ते 25. तेही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तासभर पळवली तर, जे जिप्सीच्या बाबतीत कधीच होत नाही. लहान गाड्यांचे साधे टाकीतले पंपही तासाला याच्या दुपटी-तिपटीनं पेट्रोल देतात. मग रेसिंगच्या गाडीचा तासाला 255 लिटरचा पंप घालून मिळणार काय? जास्तीचं सगळं पेट्रोल गोल फिरून तापत टाकीत परत येणार. रिटर्नची बारीक नळी एवढं पेट्रोल वाहून नेऊ शकली नाही तर रेलमधलं प्रेशर वाढणार. शिवाय तो जास्त करंट ओढतो आणि जुनी वायर गरम होते. पैसे जास्त आणि गाडीचं नुकसान, असा हा व्यवहार आहे.

टाकीतली मोटर बदलताना खालची जाळीदार पिशवी, म्हणजे स्ट्रेनर, नवीनच घाला. टाकीच्या तळाला गंजाचा गाळ असेल तर टाकी धुऊन घ्या. या मोटरला पेट्रोलच गार ठेवतं, म्हणून काटा कायम रिझर्व्हला ठेवून गाडी चालवायची सवय तिचं आयुष्य कमी करते. आणि टाकीच्या आत पंपाला जोडलेला रबरी पाईप साधा चालत नाही. साधा फ्युएल पाईप आतून पेट्रोल सहन करतो, बाहेरून नाही, त्यामुळे बुडवून ठेवला की फुगतो आणि फाटतो. बुडणारा पाईप वेगळा मिळतो, त्यावर एसएई जे30 आर10 असा शिक्का असतो. महाग वाटेल, पण लागतो जेमतेम वीतभर.

आता इथेनॉल. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला 2003 पासून सुरुवात झाली, 2022 मध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं आणि 2025 पर्यंत वीस टक्क्यांवर, यालाच ई20 म्हणतात. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून यातलं बरंच इथेनॉल येतं, उसाला त्यामुळे आधार मिळतो, हे खरंच. पण 1990 च्या दशकातल्या गाडीचं रबर या पेट्रोलसाठी बनलेलं नव्हतं. जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं. पंपाचा पडदा पातळ असतो आणि दिवसभर वाकत असतो, म्हणून तो सगळ्यात आधी जातो. जुना पंप उघडलात तर पडदा उजेडासमोर धरा, मधल्या धातूच्या चकतीच्या कडेनं केसासारख्या बारीक भेगांचं वर्तुळ दिसेल. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर पाणी मिसळलेलं इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं आणि पंप नेमकं तेच आधी ओढतो. टाकीच्या भिंतींना वर्षानुवर्षं चिकटलेला मळही सुटतो. नवा पंप घातल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा पुकपुक सुरू झाली तर फिल्टर काढून बघा, बहुधा तोच चोंदलेला असतो.

म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न "ओरिजनल आहे का" एवढाच नको. "ई20 ला चालेल का, पडदा आणि सील कशाचे आहेत" हेही विचारा. व्हायटॉन, म्हणजे एफकेएम रबर, इथेनॉलमध्ये चांगलं टिकतं. वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेला जुना स्टॉक, अगदी कंपनीच्या डब्यातला असला तरी, माझ्या मते घेऊ नये. त्याचं रबर जुन्या पेट्रोलच्या हिशेबानं बनलेलं असतं आणि न वापरताही वाळतं. रिपेअर किट घेऊन जुना पंप दुरुस्त करायचा असेल तर हाच नियम. जुन्या पंपाचं शरीर बरेचदा नव्या लोकल पंपापेक्षा मजबूत असतं, आत नवा, इथेनॉल सोसणारा पडदा आणि वॉल्व्ह घातले तर तो उत्तम पर्याय ठरतो. काही पंपांचं तोंड दाबून बंद केलेलं असतं, ते मात्र उघडत नाहीत. पाईपही सोबत बदला. इंजेक्शनच्या गाडीला आर9 शिक्क्याचा पाईप लागतो, आणि मी तर कार्ब्युरेटरच्या गाडीलाही तोच लावा असं सांगेन.

जुन्या डिझेल जीपवाल्यांना यातलं प्रेशरचं गणित लागू नाही. तिथे फीड पंप फक्त इंजेक्शन पंपापर्यंत डिझेल पोचवतो, खरा जोर पुढच्या पंपाचा असतो. टाकीचं झाकण, हवा ओढणारे पाईप, फिल्टर या तपासण्या मात्र जशाच्या तशा चालतात.

बसवताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. एमपीएफआयमध्ये आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलमधलं प्रेशर उतरतं, नाहीतर पाईप सोडताच पेट्रोल तोंडावर उडेल. यांत्रिक पंप बोल्टनं आवळताना दांड्यावर जोर येत असेल तर पान्यानं ओढत बसू नका. इंजिन हातानं थोडं फिरवा, कॅमचा उंचवटा बाजूला गेला की पंप सहज टेकतो. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा उडाले की काम हजारोंवर जातं. गाडी चालू झाल्यावर इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, मग टॉर्च घेऊन प्रत्येक क्लिप आणि पंपाच्या अंगावरचं बारीक भोक बघा. तिथे ओल दिसली तर गाडी लगेच बंद करा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पुन्हा हेच, आणि पहिल्या दोनतीन टाक्या संपल्या की फिल्टर बदला.